गाडीलाही चव कळते

१२ जुलै, शनिवार. आमगाव

दिव्यानं ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, जेवताना जे रोज सांगून राहता ना, ते यात लिहा. आई तरी निवांत जेवेल." पोरगी बी.एस्सी. झाली तेव्हापासून फार फटकळ झाली आहे. पण सूचना चांगली आहे. उद्या कोणी झाडीपट्टी जैवइंधन प्रसार मंडळाचा इतिहास लिहायला घेतला तर त्याला अस्सल कागद नकोत का?

तर नोंद. मी योगराज रहांगडाले, एस.टी.चा निवृत्त हेड मेकॅनिक आणि या मंडळाचा संस्थापक सचिव. अध्यक्ष भूपेंद्रभाऊ. त्यांची राइस मिल आहे, आणि मंडळाची शेड मिलच्याच आवारात आहे. मंडळाचं काम एका वाक्यात सांगायचं तर मोहाच्या बियांच्या, म्हणजे आपल्या टोरीच्या तेलापासून डिझेलसारखं इंधन बनवायचं आणि त्यावर गाडी चालवून लोकांना दाखवायची. आमच्याकडे एक जुनी जीप आहे. तिचं इंजिन मी स्वतः दोनदा उघडून बसवलं आहे, त्यामुळे तिच्याबद्दल शंका नाही.

आज दरेकशाला गेलो होतो. टोरी तिथल्या जंगलातच मिळते आणि बायका घरोघरी तेल काढतात. पाऊण तास बोललो. धूर, हवा, परदेशातून येणारं तेल, सगळं मांडलं. बचत गटाच्या प्रमुख बायजाबाई उईके यांनी शेवटी एकच विचारलं, "मंग हे तेल गाडी पिते का जी?" मी म्हटलं, पिते. त्यावर बायका गोंडीत काहीतरी बोलल्या आणि खूप हसल्या. भाषण त्यांना आवडलेलं दिसतं.

२७ जुलै, रविवार

तेल आलं. दोन पिंपं भरून. आणायला मी आणि दिव्या गेलो होतो.

तेल काढताना पाहिलं. टोरी कुटतात, टोपलीत घालून वाफवतात आणि दोन जाड फळ्यांमध्ये दाबतात. बायजाबाई प्रत्येक घरच्या भांड्यात बोट बुडवून जिभेला लावत होत्या आणि काही भांडी उजवीकडे, काही डावीकडे ठेवायला सांगत होत्या. डावीकडची सगळी आमच्या पिंपात ओतली. उजवीकडची कुठे गेली ते पाहिलं नाही. बायकांची काहीतरी रीत असेल.

दिव्या तिथेच रमली. दोनदा हाक मारली तेव्हा जीपमध्ये येऊन बसली. म्हणे, "बाबा, त्या जिभेनं काय पाहून राहिल्या ते तुम्ही विचारलं का?" मी म्हटलं, मला इंजिनाचं विचार. मग तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

भूपेंद्रभाऊंनी जाहीर करून टाकलं: पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सर्वांसमोर इंधन तयार करून दाखवणार. मीच त्यांना तसं सुचवलं होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. पण ठरवलं आहे तर लिहितो.

कृती सोपी आहे. नुसतं तेल इंजिनाला घट्ट पडतं. म्हणून ते कोमट करून त्यात मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, आणि कॉस्टिक सोडा घालायचा, ढवळायचं आणि थांबायचं. जड भाग खाली बसतो आणि वर पातळ इंधन येतं. बाजारच्या तेलावर मी हे चार वेळा केलं आहे. आज शेडसमोर दीडशे माणसं होती. माझे डेपोतले जुने सोबतीही मुद्दाम आले होते. मी माइकवर सांगत होतो आणि पिंप ढवळत होतो. ढवळता ढवळता दांडा जड व्हायला लागला. मग दांडा हलेचना. पिंपात दही लागल्यासारखं झालं.

मी म्हटलं, थोडा वेळ लागेल. मागून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, साबण झाला ना बे!"

खरंच साबण झाला होता. सगळं पिंप.

भूपेंद्रभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "यार मिस्त्री, इज्जत का फालूदा कर दिया." मी दांडा पिंपातून ओढत राहिलो. चौतीस वर्षांत माझ्या हातून सुटलेली एकही बस घाटात बंद पडली नव्हती.

१८ ऑगस्ट, सोमवार

चौकात मला साबण मिस्त्री म्हणून राहिले. बायकोनं, रुख्मिणीनं, त्या साबणाच्या वड्या पाडल्या आहेत आणि शेजारणींना वाटते आहे. म्हणे भांडी लख्ख निघतात. मी तिच्याशी बोलत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळ्याचा दुसरा दिवस

दिव्याला घेऊन दरेकशाला गेलो ते तक्रार करायलाच. बायजाबाईंनी आधी जेवायला बसवलं. सणाचे वडे होते. मी पाच खाल्ले. सहावा घेताना विचारलं, तेल कोणतं? म्हणाल्या, टोरीचं.

मी वडा नाकाशी नेला. हे तेल गोड होतं, तुपासारखा वास. आणि मला दिलेलं ते काळपट, नाकाला झोंबणारं! मी ताट सरकवून सरळ विचारलं की चांगलं तेल घरात ठेवून मला खराब तेल दिलंत का?

बायजाबाईंना राग आला नाही. उलट नवल वाटलं. "मंग? खराबच देलं. जुनी टोरी, ओली टोरी, बुरशीची टोरी. ते तेल घशाले लागते. मानसाले देता येत नाही. आमी म्हनलं, गाडीले द्या. गाडीले का चव कळते?"

मी म्हटलं, "कळते!" फार जोरात म्हटलं. लेकरं दचकली.

दिव्यानं मग मला समजावलं. जुन्या बीच्या तेलात आंबटपणा वाढतो, शिवाय वाफवल्यामुळे त्यात पाणी राहतं. दोन्हींमुळे कॉस्टिक घातलं की साबणच होणार. हे तिला आधीपासून ठाऊक होतं की काय? विचारलं तर म्हणाली, "मी सत्तावीस जुलैले विचारलं होतं बाबा. तुम्ही इंजिनाचं विचार म्हणाले." तसं काही मला आठवत नाही.

मी बायजाबाईंना म्हटलं, मग यापुढे चांगलं तेल द्या. त्यांनी नकार दिला. घरात वर्षभर भाजीला, दिवा लावायला, बाळंतिणीला हेच तेल लागतं, त्यातलं थेंबभर मिळणार नाही. माझी समजूत घालायला सातवा वडा वाढला.

७ सप्टेंबर, रविवार

मंडळ बंद करावं का असा विचार मनात येतो. इथे खरं लिहितो, बाहेर बोलणार नाही. चांगलं तेल मिळत नाही आणि मिळतं त्याचा साबण होतो. भूपेंद्रभाऊंना शेडमध्ये पोती ठेवायची आहेत, तसं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

दिव्या आठवड्यातून तीन दिवस दरेकशाला जाते. सकाळच्या रेल्वेनं जाते, संध्याकाळी येते. बायकांशी गप्पा मारत बसते. शिकलेल्या मुलीनं असा वेळ घालवावा याचं वाईट वाटतं, पण या वयात मुलं ऐकत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे पाहिलं ते पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

दिव्यानं अठरा बाटल्या आणल्या, अठरा घरांचं तेल. बरोबर बायजाबाईही आल्या होत्या, पहिल्यांदाच आमच्या घरी. दिव्याकडे काचेची एक नळी आहे. तेलात रंग टाकून तिच्यातून कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोडायचं, किती थेंबांवर रंग बदलतो यावरून आंबटपणा कळतो. तिनं आतल्या खोलीत अठराही बाटल्या मोजल्या आणि आकडे कागदावर लिहून घडी घातली. बायजाबाई बाहेर ओसरीवर. त्यांनी प्रत्येक बाटलीतला थेंब जिभेला लावला. मध्ये पाण्याची चूळ. बाटल्यांचे तीन भाग केले: खायचं, घशाला थोडं लागणारं, घशाला फार लागणारं.

कागद उघडला. सतरा बाटल्या जुळल्या. अकरावी चुकली. मला बरं वाटलं, कारण जीभ शेवटी जीभच. पण दिव्यानं अकरावी पुन्हा मोजली आणि तिचीच चूक निघाली. नळी नीट धुतली नव्हती.

रुख्मिणीनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

आता दिव्याचं म्हणणं असं: साबण होतो तो सगळं तेल एकाच मापानं हाणल्यामुळे. आधी तेल उकळून पाणी काढायचं, तडतड थांबेपर्यंत. घशाला थोडं लागणारं असेल तर कॉस्टिक जरा वाढवायचं. फार लागणारं असेल तर आधी आम्ल घालून त्याची एक वेगळी फेरी करायची, मग नेहमीची कृती. म्हणजे जे तेल कोणी खात नाही त्याचंच इंधन होईल, आणि घरचं तेल घरात राहील. हे सगळं त्या दोघींनी दरेकशात बसून ठरवलं आहे. गप्पा मारता मारता सुचलं असावं.

२८ सप्टेंबर, रविवार

झालं! वर सोनेरी, खाली काळं, मध्ये स्वच्छ रेघ. मी पिंपासमोर स्टूल टाकून सकाळपासून दुपारपर्यंत बसलो होतो. जीपमध्ये घातलं, किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू. धुराला वड्यांचा वास. मिलवरचे हमाल बाहेर येऊन हुंगत होते.

दिव्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस," म्हटलं. याआधी कधी म्हटलं होतं ते आठवेना. ती नळी धुवायला गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

नागपूरच्या मोठ्या संस्थेचं पत्र आलं. राज्यभर अशा मंडळांना यंत्रं देणारी संस्था आहे. आठ नोव्हेंबरला त्यांचे साहेब येणार. आमगाव ते दरेकसा गाडी चालवून दाखवायची. त्यांना पटलं तर जिल्ह्यातलं केंद्र आपल्याला, नाही तर दुसऱ्या जिल्ह्याला. केंद्राच्या दारावर पाटी लागेल, तिच्यावर पदाधिकाऱ्यांची नावं. संस्थापक सचिव हा शब्द किती जागा घेतो ते मी कागदावर लिहून पाहिलं.

यंत्रसामग्री आली तर शेड राहील, दिव्याला काम मिळेल, आणि चौकातली तोंडं बंद होतील. मला हे केंद्र हवं आहे. खूप हवं आहे. इथे लाजायचं कारण नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहितो.

साडेनऊला निघालो. मी चालवायला, शेजारी साहेब, मागे भूपेंद्रभाऊ आणि दिव्या. टाकीत फक्त घशाला लागणाऱ्या तेलाचं इंधन, डिझेलचा थेंब नाही. सालेकशापर्यंत सपाट रस्ता. पुढे जंगल आणि चढ सुरू झाला तेव्हा साहेबांनी खिडकीबाहेर डोकं काढून धूर पाहिला. काळा नव्हता. मोठ्या चढावर मी मुद्दाम गाडी थांबवली आणि तिथूनच उचलून दाखवली. अशी उचलली, अशी उचलली की साहेब म्हणाले, "वा!" चौतीस वर्षांत कोणी साहेब मला वा म्हणाला नव्हता.

दरेकशात शाळेसमोर सगळा गाव जमला होता. बायजाबाईंनी तीन बाटल्या मांडल्या, जिभेची रीत दाखवली. दिव्यानं आकडे दाखवले. साहेबांनी फोटो काढले. मग सतरंजीवर बसून त्यांनी छापील कागद काढला.

म्हणाले, काम उत्तम आहे, केंद्र द्यायला हरकत नाही. फक्त एक अट. या पट्ट्यातली सगळी टोरी केंद्रालाच मिळेल अशी मंडळानं हमी द्यायची. "आणि दोन फेऱ्यांची ही कटकट कशाला? चांगलं तेलच वापरा. एका फेरीत काम, उत्पादन चौपट. खायला काय, दुकानात पाकिटं मिळतातच."

भूपेंद्रभाऊंनी लगेच सही केली. कागद माझ्याकडे आला. सचिवाच्या सहीशिवाय तो चालत नाही.

मी बायकांकडे पाहिलं. एकही काही बोलली नाही. मला वाटलं, साहेबांची पुस्तकी मराठी त्यांना कळली नसावी. म्हणून मी सोपं करून सांगितलं, सगळी टोरी केंद्राला, घरी काही नाही. तरी गप्प. मी म्हटलं, "बायजाबाई, बोला ना काही."

त्या म्हणाल्या, "आमी कायले बोलू जी? मंडळ तुमचं, कागद तुमचा. आमी का सभासद आहो?"

दिव्या माझ्याकडे बघत होती. प्रवासानं थकली असावी, डोळे लाल होते.

पेन उघडलेलं होतं. आणि खरं सांगतो, मी सही करणार होतो. पण साहेब पुन्हा म्हणाले, "चांगल्या तेलावर गाडी आणखी मस्त चालेल," आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, खायच्या तेलावर गाडी कोणीही चालवील. त्यात काय आहे? जे तेल माणसाच्या घशाखाली उतरत नाही त्यावर आम्ही ही जीप चढावर उभी करून उचलली. ते आमचं काम. तुम्ही म्हणता ते करायला मंडळ कशाला हवं? ते दुकानदारसुद्धा करील."

साहेब म्हणाले, मग केंद्र मिळणार नाही. मी म्हटलं, "ज्यांच्या घरचे वडे मी खाल्ले त्यांच्या कढईतलं तेल काढून घ्यायची सही माझ्या हातानं होणार नाही. अटीतून घरचं तेल वगळा, आत्ता सही करतो."

त्यांनी कागद घडी करून बॅगेत ठेवला. म्हणाले, कळवतो.

 परतीच्या वाटेवर तीनदा गिअर चुकला.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठल्याबरोबर वाटलं की मोठा मूर्खपणा केला. भूपेंद्रभाऊ फोन उचलत नाहीत. एवढ्या वर्षांनी कोणी काही द्यायला आलं होतं आणि मी शहाणपणा शिकवून त्याला परत पाठवलं. बायका तर एका शब्दानं माझ्या बाजूनं बोलल्या नाहीत.

रुख्मिणीला विचारलं, चुकलो का? ती म्हणाली, "छत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाले. काल पयल्यांदा वाटलं, गावभर सांगावं का हा माझा नवरा आहे." मग चहा ठेवायला गेली. हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो, कारण ती पुन्हा म्हणणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पत्र आलं. केंद्र दुसऱ्या जिल्ह्याला. दोन ओळींचं पत्र.

भूपेंद्रभाऊ स्वतः घरी आले. शेडमधून हाकलायला आले असतील असं वाटलं. बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "मिस्त्री, मैंने पढ़े बिना सही की थी. मेरी माँ भी टोरी के तेल में पकाती थी." शेड राहणार. पोती दुसरीकडे ठेवतील. चौदा डिसेंबरला वार्षिक सभा घ्या, म्हणाले. सभा म्हणजे आम्ही अकरा सभासद आणि चिवडा.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी दिव्या जीप घेऊन गेली. कुठे, सांगितलं नाही. आजकाल ती चालवतेही चांगलं. थंडीत इंधन घट्ट होतं म्हणून निघण्याआधी तिनं टाकीखाली गरम पाण्याची बादली ठेवली होती. मी शिकवलं नव्हतं.

सभा अकराला होती. पावणेअकराला जीप आली, आत दरेकशाच्या बायका. उतरल्या. जीप परत स्टेशनवर गेली, गाडीनं आलेल्या बाकीच्या बायका घेऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मिलच्या आवारात लुगड्यांचीच गर्दी झाली. मला वाटलं, सभा पाहायला आल्या आहेत, म्हणून खुर्च्या शोधायला लागलो.

बायजाबाई टेबलापाशी आल्या. "सभासद होयाचं आहे," म्हणाल्या. "समद्यांले."

पावतीपुस्तक संपलं. कागद फाडून पावत्या लिहिल्या. त्रेचाळीस बायका. अकरा आणि त्रेचाळीस, चोपन्न. भूपेंद्रभाऊंनी माझ्या कानात विचारलं, "अब अपने हाथ में क्या रहा?" मी म्हटलं, जीपची किल्ली, तीही दिव्याकडे आहे.

पहिला ठराव बायजाबाईंनी मांडला, मी इतिवृत्तात शब्दशः उतरवला: "पयलं तेल घरात. जे घशाले लागंल ते गाडीत. हे बदलाचं असंल तं समद्या बायांले इचारून." चोपन्न हात वर. दुसरा ठराव: पुढच्या टोरीच्या हंगामात दरेकशातच पिंपं बसवायची, दिव्या शिकवील. तेही मंजूर. कोणी कोणाकडे काही मागितलं नाही, कोणाची वाट पाहायची ठरली नाही.

मग पदाधिकारी. भूपेंद्रभाऊ अध्यक्ष राहिले. सचिव म्हणून माझं नाव आलं. आजवर मी स्वतःच स्वतःला सचिव केलं होतं, कोणी निवडलं नव्हतं. बायजाबाई उठल्या. वाटलं, विरोध करतात. म्हणाल्या, "त्या दिवशी साहेबासमोर या मानसानं आमच्या कढईचं राखलं. आमी बोललो नाही, कावून का आमाले पाहाचं होतं. पाहून झालं. मिस्त्रीच सचिव. एकच अट हाय. भाषन आखूड."

सगळ्या हसल्या. दिव्या सगळ्यात जास्त. हात वर झाले, मोजायची गरज पडली नाही.

मी आभार मानायला उभा राहिलो. माझ्या मंडळाकडे पाहिलं. साबण मिस्त्री म्हणणारे दोघे फाटकाशी उभे होते, आज टोप्या हातात. मुलगी जीपला टेकून उभी. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. दोनदा घसा खाकरला. तरी नाही.

बायजाबाई म्हणाल्या, "आखूड म्हनलं होतं जी, मुकं नाही."